कुंपणच शेत खाते तेव्हा

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या गावातली प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर आणा. धानाची रोवणी आटोपली आहे आणि वर्ग पुन्हा भरू लागले आहेत. चौथीतल्या एका मुलाच्या दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा आहे. तो खाजत नाही, दुखतही नाही. त्यावर कापसाचा बोळा फिरवला तर त्या मुलाला काहीच जाणवत नाही. सगळ्यांना वाटते, नायटा असेल, जाईल आपोआप. काही महिन्यांनी त्याच्या हातातून पेन्सिल निसटू लागते. अक्षर बिघडते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळू लागते. बाई रागावतात, कारण त्यांना तो निष्काळजीपणा वाटतो.

हा मुलगा काल्पनिक आहे, पण अशक्य मुळीच नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्व विदर्भातले जिल्हे महाराष्ट्रात कुष्ठरोग अधिक आढळणारे जिल्हे म्हणून ओळखले जातात. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, ही पातळी देशाने डिसेंबर २००५ मध्ये गाठली. तो आकडा संपूर्ण देशाच्या सरासरीचा होता. रोग नाहीसा झाला नव्हता. म्हणूनच २०१६ पासून कुष्ठरोग शोध मोहिमा सुरू झाल्या आणि आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन चट्टे तपासू लागल्या.

कुष्ठरोगाचे जंतू हातापायांची बोटे 'खातात' असा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. बोटे झडतात ती बधिरपणामुळे झालेल्या आणि लक्षातच न आलेल्या जखमांमुळे, भाजण्यामुळे. बधिरपणा येतो तो मज्जातंतू निकामी झाल्यामुळे. (आपल्या पाठ्यपुस्तकात यांनाच चेतातंतू म्हटले आहे.) मग मज्जातंतू निकामी कोण करते? जंतू की आणखी कोणी? या लेखात आपण या प्रश्नाचा माग काढणार आहोत. तो आपल्याला गोंदियाहून कसौलीला, न्यूयॉर्कला आणि पुण्याला नेईल, आणि शेवटी परत त्याच वर्गात आणून सोडेल.

जंतू मंद, मग हानी कोणाची करणी?

नॉर्वेतल्या हान्सेन या डॉक्टरांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा जंतू कमालीचा मंद आहे. आपल्या आतड्यातले काही जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. याला एकाचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. घटसर्प किंवा धनुर्वाताच्या जंतूंसारखे जहाल विषही तो सोडत नाही. त्याला आवडतात त्या मज्जातंतूंभोवती गुंडाळी घालणाऱ्या श्वान पेशी.

या गुंडाळीची ओळख करून घेऊ. विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे वेष्टन असते, तसे अनेक मज्जातंतूंवर मायलिन नावाच्या मेदयुक्त पदार्थाचे वेष्टन असते. वेष्टन शाबूत असेल तर जलद मज्जातंतूंमधला संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावू शकतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत हाच वेग सेकंदाला एखादा मीटर असतो. हातापायांतल्या मज्जातंतूंना हे वेष्टन श्वान पेशी पुरवतात. मेंदू आणि मज्जारज्जूत ते काम वेगळ्या पेशी करतात.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी. काही रुग्णांच्या मज्जातंतूंत जंतूंची अक्षरशः दाटी झालेली असते, तरी तो तंतू बराच काळ काम करत राहतो. याउलट दुसऱ्या रुग्णात शोधूनही जंतू सापडत नाहीत, पण मज्जातंतू सुजून, जाड होऊन लवकर निकामी होतो. हानी जर केवळ जंतूच करत असता तर असे दिसले नसते. सूक्ष्मदर्शकाखाली या दुसऱ्या रुग्णाच्या मज्जातंतूत पांढऱ्या पेशींचा गराडा दिसतो. त्यात भक्षक पेशी असतात, टी पेशी असतात. त्या जंतूचा समाचार घ्यायला आलेल्या असतात, आणि त्या झटापटीत ज्या घराचे रक्षण करायचे तेच घर मोडते.

आपले कोपर दारावर आपटले तर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हा अनुभव सर्वांना असतो. तिथे हाडाच्या खोबणीतून जाणारा मज्जातंतू अगदी त्वचेलगत असतो. कुष्ठरोगात बरेचदा सुजतो तो हाच. खोबण अरुंद, तंतूभोवतीचे आवरण घट्ट. सूज आली की तंतू आतल्या आत दाबला जातो. आपल्या गोष्टीतल्या मुलाची करंगळी वळली ती यामुळे.

तलाव आणि त्याचा सांडवा

पांढऱ्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या सायटोकाइन नावाच्या प्रथिनांच्या भाषेत. एक पेशी हे प्रथिन सोडते, दुसरीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक ते पकडतो आणि त्या पेशीचे वागणे बदलते. यांतले काही संदेश दाह वाढवणारे असतात. इंटरफेरॉन-गॅमा भक्षक पेशींना 'गिळलेला जंतू मारा' असे सांगतो. टीएनएफ हा संदेश आणखी पेशींना बोलावतो, रक्तवाहिन्या सैल करतो, सूज आणतो. जंतूशी लढायला हे सर्व हवेच.

पण लढाई थांबवण्याचा हुकूमही कोणीतरी द्यायला हवा. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत टिम मॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक घटक शोधला. काही टी पेशी तो सोडत आणि त्यामुळे इतर टी पेशींची दाहकारक संदेश बनवण्याची क्रिया मंदावत असे. पुढे त्याला इंटरल्यूकिन-१० हे नाव मिळाले. टीजीएफ-बीटा हा याच गटातला दुसरा महत्त्वाचा संदेश. यांना आपण दाहशामक संदेश म्हणू.

गोंदियाच्या शिक्षकांना हे समजावून द्यायला उत्तम उदाहरण गावातच आहे: माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. तलावाला मातीची पाळ असते. ती पाणी अडवते आणि त्यावर धान पिकते. पण जाणत्यांनी तलाव बांधताना नुसती पाळ बांधली नाही, सांडवाही ठेवला. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते सांडव्यावरून निघून जाते आणि पाळ फुटत नाही. दाहकारक संदेश म्हणजे तलावात भरणारे पाणी आणि दाहशामक संदेश म्हणजे सांडवा, असे समजा. सांडवा बुजला तर पाळ फुटते आणि खालचे शेत वाहून जाते. सांडवा फारच खाली ठेवला तर पाळ सुरक्षित राहते, पण तलावात पाणीच साठत नाही आणि धान वाळते. पुढचे सारे विवेचन या सांडव्याच्या उंचीविषयीच आहे.

या उपमेत आणखी एक सोय आहे. सांडवा तलावाचाच भाग असतो, तो बाहेरून आणून बसवलेला नसतो. शरीरातही तसेच आहे. जंतूशी लढणाऱ्या टी पेशी आणि भक्षक पेशीच लढाई रंगात आली की इंटरल्यूकिन-१० सोडू लागतात.

एकाच रोगाची दोन टोके

कुष्ठरोगाचा जंतू सगळीकडे जवळजवळ सारखाच आहे, पण रोगाची रूपे मात्र दोन टोकांची. एका टोकाला मोजके चट्टे आणि नगण्य जंतू. दुसऱ्या टोकाला अंगभर पसरलेला रोग आणि असंख्य जंतू. १९९१ मध्ये लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या त्वचेचे तुकडे तपासले. मोजके चट्टे असलेल्यांत इंटरफेरॉन-गॅमासारखे लढाऊ संदेश प्रबळ होते. अंगभर रोग असलेल्यांत इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१० प्रबळ होते.

म्हणजे दुसऱ्या गटात सांडवा फार खाली होता. दाह कमी, त्यामुळे जंतूंना मोकळे रान. पहिल्या गटात लढाई जोमाची, जंतू जवळजवळ नाहीसे. पण त्याची किंमत काही मज्जातंतूंनी लवकर मोजली. 'दाह वाईट, दाहशामक चांगले' असे सरळ उत्तर इथेच बाद होते.

बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये असतात, आणि मधल्यांचा तोल अस्थिर असतो. उपचारापूर्वी, उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही कधीकधी तो एकाएकी ढळतो. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, मज्जातंतू दुखू लागतो, काही दिवसांत हात किंवा पाऊल लुळे पडू शकते. याला 'रिअॅक्शन' म्हणतात. रुग्णाला वाटते की गोळ्यांनीच त्रास झाला, आणि तो गोळ्या बंद करतो. हे सर्वांत धोक्याचे. जंतू मारणाऱ्या बहुविध औषधांच्या गोळ्या चालूच ठेवायच्या असतात आणि त्यांच्या जोडीला डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. आपल्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे दाह आवरणारे संप्रेरक रोजच बनवत असतात. प्रेडनिसोलोन हा त्याचाच माणसाने बनवलेला भाऊबंद. ते बाहेरून घातलेल्या जादा सांडव्याचे काम करते. ते वेळेवर मिळाले तर पुष्कळ रुग्णांत मज्जातंतू सावरतो. बधिरपणा येऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला तर आशा फार कमी उरते.

दुसऱ्या प्रकारच्या रिअॅक्शनमध्ये ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात. १९६० च्या दशकात जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी झोप यावी म्हणून अशा रुग्णांना थॅलिडोमाइड दिले आणि गाठी भराभर ओसरल्या. गर्भातल्या बाळांना व्यंग आणल्यामुळे बदनाम झालेले हेच ते औषध. गर्भवतीला ते कदापि देत नाहीत. ते टीएनएफची निर्मिती कमी करते हे १९९१ मध्ये उमगले. म्हणजे औषध आधी सापडले आणि सांडव्याचा पत्ता पंचवीस वर्षांनी लागला.

चौदा इंजेक्शनांचा धडा

कुष्ठरोगात निदान शत्रू तरी खरोखर हजर असतो. पण शत्रू नसताना, किंवा निघून गेल्यावर, शरीराने स्वतःच्याच मज्जासंस्थेवर हल्ला केला तर? अशा रोगांना स्वयंप्रतिकारक रोग म्हणतात. कुंपणच शेत खाते, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. या रोगांचा एक महत्त्वाचा धागा आपल्या देशातूनच निघतो.

कुत्रे चावल्यावर 'पोटात चौदा इंजेक्शने' घ्यावी लागत, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्थेत विकसित केली. रेबीजचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवायचा, मेंदू वाटायचा आणि कार्बोलिक आम्लाने विषाणू निर्जीव करायचा, अशी तिची कृती. या लसीने असंख्य जीव वाचवले. पण काही थोड्या लोकांना इंजेक्शनांचा क्रम चालू असताना किंवा संपल्यावर पाय लुळे पडणे, लघवी अडणे, ग्लानी येणे असे त्रास झाले. तो रेबीज नव्हता. लसीत मेंढीच्या मेंदूतले मायलिनही होते. दिवसामागून दिवस ते टोचले गेल्यावर काहींच्या शरीराने त्याला शत्रू ठरवले, आणि मेंढीचे मायलिन व माणसाचे मायलिन यांत फरक तो फारसा नाही.

हाच प्रश्न हाती घेऊन न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. विषाणूचा लवलेश नसतानाही काही माकडांना मेंदूचा दाह झाला आणि मायलिन उखडले. यातूनच एक प्रायोगिक रोग हाती आला. पुढे उंदरांवर त्याचाच उपयोग करून मज्जासंस्थेच्या स्वयंप्रतिकारक रोगांचा अभ्यास होऊ लागला. तो आजही होतो.

मेंदूपासून बनवलेली ती लस भारतात २००५ पासून बंद आहे. आजच्या रेबीज लशी पेशींच्या कृत्रिम वाढीवर बनवतात, त्यांत मेंदूचा अंश नसतो आणि त्या हातावर टोचतात. तेव्हा कुत्रे चावले असता लस घेण्याची भीती मुळीच बाळगू नये, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

पण त्या जुन्या लसीने एक मोठा प्रश्न मागे ठेवला. तीच लस, तेवढीच मात्रा. मग बहुसंख्य लोक सुखरूप कसे राहिले?

सांडव्याचे पहारेकरी

उत्तराचा एक भाग असा की स्वतःच्या मायलिनला ओळखणाऱ्या टी पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. मात्र त्यांना आवर घातलेला असतो. हा आवर कोण घालते ते जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवले. टी पेशींतलाच एक छोटा गट इतरांना थोपवतो; तो काढून टाकला की उंदरांत ठिकठिकाणी स्वयंप्रतिकारक रोग उद्भवतात. २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी जन्मतःच असा रोग होणाऱ्या उंदरांत बिघडलेले जनुक शोधले. फॉक्सपी-३ हे त्याचे नाव. हे जनुकच त्या आवर घालणाऱ्या पेशींचा कारभार चालवते, हे लवकरच सिद्ध झाले. या पेशींना नियामक टी पेशी म्हणतात. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नियामक टी पेशी अनेक मार्गांनी काम करतात. इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा सोडणे हे त्यांपैकी दोन. रिव्हर्स यांच्या प्रयोगातून निघालेला रोग ज्या उंदरांना होतो त्यांच्यावर १९९० च्या दशकात काही निर्णायक प्रयोग झाले. इंटरल्यूकिन-१० चे जनुकच नसलेल्या उंदरांत रोग अधिक तीव्र झाला. टी पेशी जादा इंटरल्यूकिन-१० बनवतील असा बदल केलेल्या उंदरांना तो सहसा झालाच नाही. साध्या उंदरांत रोग आपोआप ओसरू लागतो तेव्हा त्यांच्या मज्जारज्जूत इंटरल्यूकिन-१० वाढलेले आढळते. सांडवा आहे, तो काम करतो आणि त्याच्या असण्या-नसण्याने फरक पडतो, याचा हा चांगला पुरावा.

औषध करायला गेल्यावर

माणसांत या प्रायोगिक रोगाशी मिळताजुळता रोग म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस. यात मेंदू आणि मज्जारज्जूतले मायलिन जागोजागी नष्ट होते. नजर अंधुक होणे, तोल जाणे, पाय जड पडणे असे झटके येतात आणि ओसरतात. भारतात तो युरोपच्या मानाने कमी आढळतो. मात्र मुंबईतले मज्जासंस्थातज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा बराच अधिक आहे. पाणी-हवा एकच, पण समाजागणिक प्रमाण वेगळे. यावरून आनुवंशिकतेचाही यात वाटा आहे असे दिसते.

मग इंटरल्यूकिन-१० टोचून रोग बरा का करत नाहीत? इथे निसर्गाने संशोधकांना अनेकदा चकवले आहे.

१९८७ मध्ये अमेरिकेत अठरा रुग्णांना इंटरफेरॉन-गॅमा देऊन पाहिले. त्यांपैकी सात जणांना झटके आले आणि प्रयोग थांबवावा लागला. दाहकारक संदेश वाढवला, रोग वाढला. इथवर सारे अपेक्षेप्रमाणे. पण १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत टीएनएफ या दाहकारक संदेशाला अडवणारे औषध दिले, आणि त्यानेही झटके वाढले! संधिवातात गुणकारी ठरलेला उपाय मेंदूत उलटला. पुढे उंदरांत दिसून आले की टीएनएफचे दोन ग्राहक आहेत. एकातून दाह वाढतो, तर दुसऱ्यातून मायलिनच्या दुरुस्तीला हातभार लागतो. दोन्ही अडवले की दुरुस्तीही थांबते.

टीजीएफ-बीटाची कथा तर आणखी गमतीची. एरवी ते दाहशामक. पण २००६ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवले की उंदरांत त्याच्या जोडीला इंटरल्यूकिन-६ असेल तर कोवळ्या टी पेशी इंटरल्यूकिन-१७ सोडणाऱ्या आक्रमक पेशी बनतात. तेच अक्षर, पण शेजारचे अक्षर बदलले की शब्दाचा अर्थ बदलतो, तसे हे आहे. उंदरांना बाहेरून इंटरल्यूकिन-१० टोचण्याच्या प्रयोगांतही फळ कधी मिळाले, कधी नाही; ते केव्हा, कुठे आणि किती पोहोचते यावर सारे अवलंबून होते.

निसर्ग स्वतः मात्र हा तोल लीलया बदलताना दिसतो. गर्भारपणी आईच्या शरीराला अर्ध्या परक्या बाळाला सामावून घ्यायचे असते, म्हणून दाहशामक व्यवस्था बळकट होते. १९९८ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की मल्टिपल स्क्लेरॉसिस असलेल्या स्त्रियांचे झटके गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत सुमारे सत्तर टक्क्यांनी घटतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत पुन्हा वाढतात. कुष्ठरोगातही बाळंतपणानंतरचे महिने रिअॅक्शनच्या दृष्टीने जपण्याचे मानतात. पूर्व विदर्भातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुण्यातला जानेवारी

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत, अनेकांना जुलाब झाले आणि त्यांपैकी काहींचे पाय लुळे पडू लागले. हा गियाँ-बारे आजार होता. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले, काही दगावले. दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू सापडला.

या जीवाणूच्या आवरणावरची शर्करायुक्त रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या एका रचनेसारखी दिसते. जीवाणूविरुद्ध बनलेली प्रतिद्रव्ये जुलाब थांबल्यावरही रक्तात असतात आणि ती मज्जातंतूंना चिकटतात. चोर पळून गेला आणि त्याच्यासारखा सदरा घातलेला शेजारी सापडला, असे म्हणता येईल.

हाही मज्जातंतूंचा दाहच. मग कुष्ठरोगाच्या रिअॅक्शनप्रमाणे इथेही स्टेरॉइड द्यावे, असे कोणालाही वाटेल. पण काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत स्टेरॉइडचा या आजारात फायदा दिसलेला नाही. इथे उपयोगी पडते ती रक्तद्रव बदलण्याची प्रक्रिया किंवा निरोगी दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिद्रव्यांची मोठी मात्रा. भक्षक पेशी तुटलेले मायलिन उचलून दुरुस्तीची जागाही साफ करत असतात. सरसकट दाह दाबला तर ती साफसफाईही मंदावत असावी, असा एक तर्क आहे. एकाला तारणारे औषध दुसऱ्याला निरुपयोगी ठरते ते असे.

परत वर्गात

आता सुरुवातीच्या मुलाकडे येऊ. त्याच्या मज्जातंतूला धोका जंतूचा आहे तसाच सांडव्याच्या ढळलेल्या उंचीचाही आहे. जंतूंसाठी गोळ्या आहेत, त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ढळलेल्या तोलासाठी प्रेडनिसोलोन आहे. कमतरता असते ती वेळेची, आणि ती भरून काढणे शिक्षकाच्या हातात आहे. रोज तेच चेहरे, तेच हात, तेच अक्षर पाहणारा माणूस गावात दुसरा कोण आहे?

फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर मुलाला डोळे मिटायला सांगून कापसाने हलकेच स्पर्श करावा आणि जाणवते का ते विचारावे. टाचणी टोचू नये. अक्षर अकस्मात बिघडणे, पेन्सिल किंवा सदऱ्याचे बटण न धरता येणे, पायातली चप्पल निसटली तरी न कळणे, एक डोळा पूर्ण न मिटणे, या खुणा दिसल्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. निदान डॉक्टर करतील. चार मुलांसमोर त्याची चर्चा मात्र करू नये. उपचार सुरू झाले की काही दिवसांतच संसर्गाचा धोका जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे त्या मुलाची जागा वर्गातच, त्याच्या नेहमीच्या बाकावर.

आणखी दोन गोष्टी पालकसभेत बोलण्यासारख्या आहेत. एक, स्टेरॉइडची गोळी सुजेवर जादूसारखी चालते म्हणून काही ठिकाणी ती डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेतली जाते. बाहेरून सांडवा दिला की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते, म्हणून दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. आणि सांडवा खाली गेला की दबलेला क्षयरोगही डोके वर काढू शकतो. दोन, 'प्रतिकारशक्ती वाढवा' असे सांगणाऱ्या जाहिराती. ती नुसती वाढवायची वस्तू नाही, हे आता आपल्या लक्षात आले असेल. मायलिनवर तुटून पडणाऱ्या पेशीही प्रतिकारशक्तीच्याच.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर मुलांना पावसाळ्यात गावच्या तलावावर न्यावे. पाळ कुठे, सांडवा कुठे, सांडवा पाळीपेक्षा किती खाली आहे, तो बुजला तर काय होईल आणि आणखी खणला तर काय होईल, हे त्यांनाच सांगू द्यावे. मग शाळेत परतल्यावर आपल्या अंगातल्या सांडव्याची गोष्ट सुरू करावी. ती ऐकणाऱ्यांत कदाचित दंडावर चट्टा असलेला एखादा मुलगाही असेल, आणि त्या दिवशी घरी जाताना तो तुम्हाला आपला दंड दाखवील.